ॲनिमेशन-व्हीएफएक्स इन्स्टिट्यूटवाल्यांनो, फी नक्की कशाची घेता?

महाराष्ट्रातल्या खाजगी ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स (सिनेमात संगणकाने घातलेली दृश्यं) शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या संचालकांना आणि फ्रँचायझी मालकांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे पण पालकांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय. बारावीचा निकाल लागला की तुमचे फोन सुरू होतात, यंदा ते माझ्या भाचीला आले. तिला इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली, घरात सगळ्यांना माहीत आहे की ही पोरगी काहीतरी चित्राचंच करणार. ताई आणि दाजी तिला घेऊन एका इन्स्टिट्यूटमध्ये गेले तर तिथे कळलं की यंदापासून हप्त्याने फी बंद, एकतर सगळी एकदम भरा नाहीतर काउन्सेलरच्या शेजारच्या खुर्चीवर जो फायनान्स कंपनीचा माणूस बसलाय त्याच्याकडून लोन घ्या. तीन लाख फी, वर १८ टक्के जीएसटी, झाले ३ लाख ५४ हजार. आधार आणि पॅन आहे का बरोबर, असलं तर आत्ताच करून टाकू, सीट दोनच उरल्यात. दाजींचं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे, ते "घरी विचार करतो" म्हणून उठले तर त्यांना ऐकवलं की मुलीच्या करिअरचा विचार घरी काय करायचा. हे वाक्य ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. मी मालाडमधल्या एका स्टुडिओत लायटिंग आर्टिस्ट आहे, म्हणजे संगणकात बनवलेल्या दृश्यांना ऊन-सावली देते. सांगलीची, बीकॉम झालेली, कुठल्याच इन्स्टिट्यूटमध्ये न गेलेली. घरी सेकंडहँड पीसीवर ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकले, मग मुंबईत येऊन रोटोला (शॉटमधली माणसं-वस्तू फ्रेमफ्रेमने कापून वेगळी करायचं काम) लागले, रात्रपाळीतल्या सीनियर लोकांनी मारून मुटकून तयार केलं. माझा आतेभाऊ माझ्याच वयाचा, त्याने तुमच्यासारख्याच एका ठिकाणी दोन वर्षांचा डिप्लोमा केला. तो आज मोबाइलच्या दुकानात आहे आणि लोनचे हप्ते आत्याच्या भिशीतून गेलेत. तो माझ्यापेक्षा चांगलं चित्र काढायचा, अजूनही काढतो. म्हणून "ज्याच्यात टॅलेंट असतं तो पुढे जातोच" हे तुमचं ठेवणीतलं उत्तर मला देऊ नका.

आणि दुसरा संबंध असा की आमच्याकडे ज्युनियरची भरती निघाली की आलेले रील, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने जोडून केलेले छोटे व्हिडिओ, बघायचं काम माझ्याकडेही येतं. तुमच्या पोरांचे रील. तिथूनच सुरुवात करते.

एका इन्स्टिट्यूटचे रील मी आता नाव न वाचता ओळखते. पार्किंगची प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याने घेतलेला खरा शॉट, असते, उजवीकडे ॲक्टिव्हांची रांग, मागे पत्र्याची शेड, आणि मध्ये आकाशातून एक रोबो येऊन उतरतो. पुढच्या मुलाचा रील उघडला की तेच पार्किंग, त्याच ॲक्टिव्हा, रोबोच्या जागी ड्रॅगन. तिसऱ्याचा उघडला की पुन्हा रोबो, रंग वेगळा. चला, प्लेट एकच दिली असेल, हरकत नाही, सगळ्यांना सारखा पेपर. पण बघा जरा नीट. ॲक्टिव्हांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात आणि रोबोची सावली डावीकडे. उन्हाच्या शॉटमध्ये सूर्य एकच असतो हो. प्लेटमधला सगळ्यात गडद काळा म्हणजे टायरच्या खालची सावली, ती धुळकट करडी आहे, आणि रोबो मात्र कोळशासारखा काळाकुट्ट, त्यामुळे तो जमिनीवर उभा न वाटता स्टिकरसारखा चिकटलेला वाटतो. ही चूक एका पोराने केली असती तर मी म्हटलं असतं पोरगं नवीन आहे. सगळ्यांच्या रीलमध्ये तीच चूक त्याच जागी आहे. म्हणजे सरांनी स्क्रीनवर जे करून दाखवलं तेच सगळ्यांनी केलं, आणि सरांचंच चुकलं होतं, आणि दोन वर्षांत एकाही माणसाने त्या मुलांच्या मागे उभं राहून "बाळा, ऊन कुठून येतंय?" एवढंही विचारलं नाही. साडेतीन लाख रुपयांत हा एक प्रश्न बसत नसेल तर मग बसतं काय?

सर म्हणजे कोण तेही आम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी पास झालेला मुलगा, ज्याला स्टुडिओत काम मिळालं नाही, त्यालाच तुम्ही फॅकल्टी केलेलं असतं. त्याचा राग नाही, तो बिचारा तरी काय करणार, पण ज्याने एकही शॉट क्लायंटकडून पास करून घेतलेला नाही तो शॉट कसा पास होतो हे शिकवणार कसा? ब्रोशरवर मात्र फॅकल्टीच्या जागी "इंडस्ट्री एक्स्पर्ट्स" एवढंच, नाव नाही आणि कामही नाही.

आता तुम्ही जे विकता त्याबद्दल. तुमचं सिलॅबस म्हणजे सॉफ्टवेअरची यादी, माया दोन महिने, न्यूक दोन महिने, झेडब्रश एक महिना, वगैरे. यातली बहुतेक सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला फुकट मिळतात हे तुमच्या काउन्सेलिंगमध्ये एकदा तरी कुणी सांगतं का? मायाचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्स फुकट आहे. न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे. हुडिनी अप्रेंटिस फुकट आहे, फक्त रेंडरवर, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या चित्रावर, वॉटरमार्क येतो. अनरिअल फुकट, क्रिता फुकट. आणि ब्लेंडर तर सगळ्यांचंच आहे, ते तसं झालं त्याची गोष्ट मी नवीन मुलांना आवर्जून सांगते. २००२ साली ते बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा तोन रोझेन्डाल नावाच्या डच माणसाने लोकांकडून वर्गणी मागितली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि त्या पैशातून सॉफ्टवेअर सोडवून घेऊन जगाला खुलं केलं. २०२५ चं सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर ज्या फिल्मला मिळालं ती ब्लेंडरमध्येच केलेली, लॅटव्हियासारख्या छोट्या देशातली. तिचा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस स्वतःच शिकलेला. पण म्हणून "बघा, घरी बसून ऑस्कर मिळतं" असं मी कुणाला सांगणार नाही, त्याच्यामागे शाळेपासून केलेल्या छोट्या फिल्म आणि कित्येक वर्षं आहेत. मुद्दा एवढाच की कुठलं बटण कुठे आहे हे सांगण्याचे पैसे घ्यायचे दिवस गेले, आणि तुमची फी अजून त्याच दिवसांतली आहे.

नोकरीच्या जाहिरातींचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही मोठी व्हीएफएक्स कंपनी बुडाली, तिचे बेंगळुरू आणि मुंबईतले स्टुडिओ बंद पडले, आपल्याकडचे हजारो लोक एका फटक्यात घरी बसले. त्याच्या आधी २०१३ ला ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकेतल्या व्हीएफएक्स स्टुडिओने दिवाळखोरी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं, म्हणजे ऑस्करवाल्यांचीही खात्री नाही अशी ही लाइन आहे. टेक्निकलर बंद झाल्यावर दहा-दहा वर्षं काम केलेले लोक आमच्याकडे अर्ज पाठवत होते, काही जण ज्युनियरच्या पगारावर यायला तयार होते. आणि त्याच उन्हाळ्यात तुमच्या होर्डिंगवर काय होतं? "शंभर टक्के जॉब गॅरंटी." सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर (ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरे) धोरण मंजूर केल्यावर तर तुम्हाला आयतं कोलीतच मिळालं, सरकारच म्हणतंय या क्षेत्रात नोकऱ्या येणार. धोरण आलं ही चांगलीच गोष्ट आहे, पण धोरणातल्या नोकऱ्या म्हणजे तुमच्या बॅचच्या नोकऱ्या नव्हेत. कराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात "प्लेसमेंट असिस्टन्स" लिहिलेलं असतं, म्हणजे दोन मुलाखती लावून दिल्या की तुमचे हात झटकून मोकळे. त्यातली एक फ्रेमच्या हिशोबाने पैसे देणारी रोटोची खोली आणि दुसरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याकडे. रोटोला मी कमी लेखत नाहीये, मी स्वतः तिथूनच आले, पण रोटो शिकायला दोन वर्षं आणि साडेतीन लाख लागत नाहीत.

आता लोनचा हिशोब, जो टेबलावर कुणी करून दाखवत नाही म्हणून मीच ताईला करून दाखवला. ३ लाख ५४ हजार, १३ टक्के व्याज धरलं आणि ३ वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिना १२ हजारांच्या आसपास हप्ता बसतो, एकूण जातात सव्वाचार लाखांच्या वर. नवीन मुलाला मुंबईत सुरुवातीला हातात पंधरा-अठरा हजार पडले तरी लोक अभिनंदन करतात. त्यातून हप्ता गेल्यावर मालाडमध्ये कॉट बेसिसवर राहायचं कसं, खायचं काय, आणि लोकलचा पास कोण काढणार? म्हणजे शिकलेल्या मुलालाही बाप पैसे पाठवतोय. आणि मधेच मुलाने सोडलं तर? आतेभावाचे सर तिसऱ्या महिन्यात सोडून गेले, दीड महिना क्लासच नाही, मुलं "प्रॅक्टिस" करत बसलेली, हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता कापला जात होता. तक्रार केली तर इन्स्टिट्यूट म्हणते लोन कंपनीशी बोला आणि लोन कंपनी म्हणते इन्स्टिट्यूटशी बोला.

आणखी एक, "डिप्लोमा" म्हणून जे देता ते बऱ्याच ठिकाणी तुमच्याच लेटरहेडवरचं सर्टिफिकेट असतं. मान्यताप्राप्त कोर्स नाही म्हणून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची एकही शिष्यवृत्ती लागत नाही, हे गरीब घरच्या मुलाला पैसे भरल्यावर कळतं. पुढे कुणाला अमेरिकेत कामाला जायचं झालं तर तिथला नेहमीचा कामाचा व्हिसा सहसा पदवी मागतो. माझ्या ओळखीतल्या एका उत्तम कंपोझिटरचं (वेगवेगळे थर जोडून शॉट पुरा करणाऱ्याचं) घोडं तिथेच अडलं, हातात काम होतं पण डिग्री नव्हती. हे आधी सांगायला नको?

आता एवढं बोलल्यावर तुम्ही म्हणाल की ही बाई सगळ्यांना घरी बसून शिका म्हणणार. नाही म्हणणार. घरी शिकणं फुकट आहे असं जे सांगतात तेही पोरांच्या डोळ्यांत धूळच फेकतात. बरं ग्राफिक कार्ड असलेला पीसी लाखाच्या आसपास जातो, रात्रभर रेंडर लावला की सकाळी आई लाइटबिलावरून बोलते, लोडशेडिंग झालं की रेंडर मधेच तुटतो. ट्युटोरियल बहुतेक इंग्रजीत, मराठी मीडियमच्या मुलाचं अर्धं डोकं भाषेतच जातं, आणि मला वाटतं तुमच्याकडे गर्दी होते त्याचं हेच मोठं कारण आहे, तुमच्याकडे निदान कुणीतरी मराठीत बोलतं. घरी वेळापत्रक नाही, विचारायला कुणी नाही, सगळ्यांनी ब्लेंडरच्या त्या प्रसिद्ध ट्युटोरियलमधला एकच डोनट बनवलेला असतो आणि त्यापुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. माझ्याबरोबर सुरू केलेले बरेच जण मधेच गळाले, ते आळशी होते म्हणून नाही, तर त्यांचं काम बघणारं कुणी नव्हतं म्हणून.

आणि कॉलेजच्याही मी विरोधात नाही. ज्याला कॅरेक्टर डिझाइन, कॉन्सेप्ट आर्ट करायचंय, ज्याला डिग्री हवीय, त्याने सीईटी देऊन अप्लाइड आर्टला जावं, सर जे. जे. तर १८५७ पासून उभं आहे, एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन स्कूल आहे. तिथे जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कठीण, एनआयडीची फीही काही कमी नाही. पण तिथे मुलगा चार वर्षं माणसं बघून चित्रं काढतो, त्याला ऊन कुठून येतंय हे विचारावं लागत नाही.

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर चित्रकलेच्या कुठल्या शाळेत न जाता चित्रकार झाले आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी स्वतः बनवला, हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. त्याच्या पुढचं कमी सांगतात. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्यांच्या कंपनीत त्यांच्याच हाताखाली कामं करत तयार झाली आणि १९२९ ला त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. म्हणजे पहिला माणूस आपला आपण शिकला, पण बाकीच्यांना त्याच्या नजरेखाली राहायला मिळालं. मीही अर्धीमुर्धीच स्वतः शिकले, उरलेलं रात्रपाळीत एका सुपरवायझरने माझा शॉट सातव्यांदा परत पाठवताना शिकवलं. पैसे द्यायचे तर त्या नजरेचे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही ती विकत असाल तर फी खुशाल घ्या, मी स्वतः भाचीचे पैसे भरेन. पण तुम्ही विकता एसी क्लासरूम आणि सॉफ्टवेअरची यादी.

तर मागण्या. शिव्या देत नाहीये, विनंती समजा, पण यातली एकही अशक्य नाही.

शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांनी केलेलं काम वेबसाइटवर टाका, "एक्स्पर्ट" हा शब्द चालणार नाही. मागच्या तीन बॅचचा हिशोब जाहीर करा, किती मुलं आली, किती मधे सोडून गेली, किती लागली, कुठल्या कामाला लागली आणि सुरुवातीचा पगार काय, आणि नोकरी म्हणजे संगणकावर बसलेली कुठलीही नोकरी नव्हे. लोनवाल्याची खुर्ची काउन्सेलरच्या शेजारून उचला. पालकांना करार घरी नेऊन वाचू द्या, आठ दिवस द्या, दोन सीट उरल्याचं नाटक बंद करा. फी महिन्याच्या महिन्याला किंवा टर्मप्रमाणे घ्या आणि मुलाने सोडलं तर न शिकवलेल्या महिन्यांचे पैसे परत करा, शिक्षक सोडून गेला तर त्या काळाचे तर नक्कीच. कोर्स मान्यताप्राप्त नसेल तर तसं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. पहिली टर्म चित्र, फोटो आणि निरीक्षणाची करा, सॉफ्टवेअर नंतर. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाचं काम स्टुडिओत काम केलेल्या माणसाने बघितलंच पाहिजे, आमच्याकडे डेलीज, म्हणजे केलेलं काम रोज एकत्र बसून बघणं, असतात तसं, एकेकाचं, सगळ्यांसमोर.

कायद्याचंही एक सांगून ठेवते. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर नियम काढले, नोकरीची खोटी हमी देता येणार नाही असं त्यात आहे. पण कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाटक आणि "इतर सर्जनशील उपक्रम" वगळलेत, आणि तुमच्यातले काही जण या फटीतून निसटायला बघतील हे मला दिसतंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला अशी सूट नाही. आणि राज्य सरकारमध्ये हे कुणी वाचत असेल तर त्यांनाही सांगणं आहे की एव्हीजीसी धोरणाखाली कुठल्याही इन्स्टिट्यूटला सवलत देण्याआधी हा बॅचचा हिशोब मागा.

भाचीचं आम्ही सध्या असं ठरवलंय की अप्लाइड आर्टची सीईटी द्यायची, पीसी दाजी आणि मी मिळून घ्यायचा, आणि ती जे करेल ते दर रविवारी मी व्हिडिओ कॉलवर बघायचं. प्रत्येक घरात अशी मावशी नसते, म्हणूनच तुमची गरज आहे. ज्या इन्स्टिट्यूट वरचं सगळं जाहीर करतील त्यांच्या मुलांचे रील बघायला मी महिन्यातून एक रविवार फुकट येईन, आमच्यातले अजून चार-पाच जण तयार आहेत. बाकीच्यांचा फोन भाचीला पुन्हा आला तर तो माझ्याकडे द्यायला सांगितलंय.

आपली,
सांगलीची एक लायटिंग आर्टिस्ट, सध्या मुक्काम मालाड